ओरालबेकमामांची पिवळी मादी सध्या तेमिरताऊला आहे

आदरणीय ओरालबेकमामा,

तुमच्या दुखऱ्या गुडघ्याला आणि बाकीच्या तुम्हालाही झौरेशचा सलाम. आरोग्यधामात चिखलाचे लेप वेळेवर लावतात ना? इथे सगळे खुशाल आहेत. (मासेही. तुम्ही आधी तेच शोधणार. मात्र ‘इथे’ म्हणजे आपल्या करागंदीत नव्हे, हे लिहायला हवं.)

तुमची पिवळी सिक्लिड मादी तुम्ही माझ्यावर सोपवलीत, तेव्हा तिच्या तोंडात अंडी होती. ही जात पिल्लं तोंडातच वाढवते म्हणून एकवीस दिवस ती काही खाणार नाही, आणि अठराव्या दिवसानंतर तिला दचकवलं तर ती पिल्लं वेळेआधीच थुंकून टाकेल, मग एकही जगणार नाही, हे सगळं मी भिंतीवर लिहून ठेवलं होतं. पण आपल्या घरात कुणी उपाशी आहे, हे आईला सहन होईना. (“तोंड बघ कसं फुगलंय तिचं. रागावलीय ती. विचार तरी काय हवंय!”) सतरा दिवस मी आईला टाकीपासून लांब ठेवलं. अठराव्या दिवशी माझी सोयरीक पक्की करायला तेमिरताऊची माणसं आली.

मी चहा देत होते, तेवढ्यात मुलाच्या आई, राबिगाबाई, टाकीपाशी थबकल्या. “अगबाई, काय सोन्यासारखी मासळी!” माझ्या हातातला चहा सांडला. सोयऱ्यांनी तारीफ केली की ती वस्तू त्यांची, हे तुम्हाला मी काय सांगावं? तुमचा कोल्ह्याच्या कातड्याचा कोट असाच गेला. आई हसून म्हणाली, “न्या की, तुमचीच आहे.” ही मामांची आहे, असं मी तिच्या कानात सांगितलं. “मामा माझाच भाऊ आहे ना? गप्प बस.”

मादी काकडीच्या लोणच्याच्या तीन लिटरच्या बरणीत गेली. बाहेर उणे सव्वीस. बरणी गारठली किंवा हिंदकळली तर संपलंच, म्हणून मी ती कोटाच्या आत पोटाशी धरली आणि त्यांच्याच गाडीत बसले. बरणी पोचवायची आणि पुढच्या बसने परत यायचं, एवढाच माझा विचार होता. (अगदी खरं सांगते.) सोयरीक झालेली मुलगी आपल्या पायांनी मुलाचा उंबरा ओलांडते, म्हणजे ती नांदायलाच आली, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मुलाच्या म्हाताऱ्या आजीनं आरोळी ठोकली, “सून आली गं, सून आली!” आणि माझ्यावर मिठाई उधळली. एक गोळी बरणीवर टणकन आदळली. मी किंचाळले, “दचकवू नका! तोंडात मुलं आहेत!” मग आजी म्हणाली, “बिचारी घाबरलीय. सुनेचा पांढरा रुमाल आणा.”

रुमाल मी डोक्यावर घेतला नाही. मी माशाबरोबर आले आहे, तीन दिवसांनी जाईन, हे प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलं. प्रत्येकजण “हो हो” म्हणाला आणि आणखी एका शेजारणीला मला बघायला घेऊन आला. आईची तार आली: ताबडतोब परत ये. तासाभराने दुसरी: येऊ नकोस, गल्लीत कळलंय. मी चुलीशेजारी बरणीला टेकून बसून राहिले. जेवायला बोलावलं तरी उठले नाही. मग्जूम (म्हणजे मुलगा) लांबूनच म्हणाला, “तूही जेवत नाहीस. तुझ्याही तोंडात काही आहे का?” मी हसले नाही. (थोडीशी हसले.)

आज सकाळी मादीनं तोंड उघडलं. मी पिल्लं तीनदा मोजली: तेवीस, चोवीस, तेवीस. तेवीस धरा.

तुमची भाची,
झौरेश

ता. क. मादी आता राबिगाबाईंची. पण पिल्लांची तारीफ कुणीच केलेली नाही, तेव्हा ती नियमाने तुमचीच.

ता. क. तुमची रिकामी टाकी इकडे पाठवायला आईला सांगा. पिल्लं सध्या मुरंब्याच्या पातेल्यात आहेत.

ता. क. मला न्यायला या, असं सांगायला हे पत्र लिहायला घेतलं होतं. पण मग्जूम रोज पाणी बदलतो आणि ओतण्याआधी ते मनगटावर तपासतो. एवढी लहान पिल्लं वसंतापर्यंत प्रवास सोसणार नाहीत, असं आईला तुम्हीच कळवा. (पंधरा दिवसांनी सोसतात, हे मला ठाऊक आहे. तुम्हालाही. आईला नाही.)