हद्दीपुढे एक फावडं

अहो,

इकडे कागोशिमात थंडी नावालाच आहे. बाळंतीण आणि बाळ, दोघी खुशाल. नात डोळे अगदी तुमच्यासारखे मिचकावते.

तुमचं पत्र मिळालं. ओतारूचा आपला उतार काचेसारखा गुळगुळीत झालाय हे वाचून जीव टांगणीला लागला. पण शेजारच्या नागाओबाईंच्या थेट दारापर्यंत तुम्ही बर्फ काढलात? वर तिचा पाय घसरू नये म्हणून वाळूही टाकलीत? गल्लीची रीत तुम्हीच मला शिकवलीत ना! आपल्या हद्दीपुढे एक फावडं बर्फ काढायचा, ती माणुसकी. त्याहून जास्त काढला की शेजाऱ्याला परतफेड करावी लागते.

झालीच की परतफेड! आलं घरी कोबीचं लोणचं. "छान मुरलंय" असं लिहिलंत तुम्ही. माझं मात्र तुम्हाला जन्मभर खारट.

आणि कोपऱ्यावर नगरपालिकेची वाळूची पेटी असते, हे तुम्हाला सांगितलं कुणी? इतकी वर्षं तिथून पिशव्या मीच आणत होते.

रक्तदाबाची गोळी घेताय ना?

रविवारी येतेच. तोवर आपल्या पायरीवर वाळू टाकू नका. बर्फ तसाच राहू दे, लोणचं घेऊन कुणी चढता कामा नये. तुम्ही मागच्या दाराने ये-जा करा, आणि कंबर सांभाळा.

तुमचीच, खारट हाताची,
ताएको