सही हिमानीसमोर करा

बऱ्हाणपूर,
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

चि. योगेशराव यांस,

लीलाबाईचा आशीर्वाद. आधी जावईबापू लिहिलं होतं, ते खोडलं. खोडलेलं दिसतंय, दिसू द्या. चौथीपर्यंत शिकले, त्यानंतर पेन हातात धरला तो पुरणाच्या मांड्यांच्या ऑर्डरी लिहायलाच. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाचा, पण कोणाकडून वाचून घेऊ नका. विहीणबाईंकडून तर मुळीच नको.

तुम्ही खुशाल असाल. विहीणबाईंचे गुडघे कसे आहेत? दापोऱ्याची केळी यंदा बरी गेली असं लोटूभाऊ सांगत होता. तो मंडईत माल घेऊन येतो तेव्हा भेटतो, हे पत्रही त्याच्याच हाती देते आहे. फोन केला असता. पण फोनवर माझा आवाज चढतो, मग तुम्ही फोन कापता, आणि काम तसंच पडून राहतं. या वेळी काम पडून चालणार नाही.

मोनाली जर्मनीला चालली आहे. नर्स म्हणून, तिकडच्या मोठ्या दवाखान्यात. चौदा महिने इंदूरला खोली घेऊन त्यांची भाषा शिकली, दिवसा ड्युटी आणि संध्याकाळी क्लास. ड्युटीला अजून तिथंच आहे, सुट्टीला येते. परीक्षा पास झाली, दवाखान्याचं पत्र आलं, पगार लिहून आला. व्हिसाची तारीख मुंबईला १२ जानेवारीची. पहिलं वर्ष शिकाऊसारखं काम, मग तिकडची परीक्षा, मग पक्की नोकरी. मला वाटायचं तिकीट काढलं की माणूस विमानात बसतं. तसं काही नाही. नर्सिंगची मार्कशीट पाठवा, तिचं भाषांतर पाठवा, भाषांतर करणाऱ्याचा शिक्का पाठवा. पोलिसांचा दाखला आणा. एका कागदावर मोनालीमागे तुमचं नाव, एकावर तिच्या बापाचं, मग दोन्ही बाया एकच आहेत असं शपथपत्र द्या. घरात इतके कागद झालेत की पीठ चाळायला जागा नाही.

आणि हिमानी. तिला मोनाली बरोबर नेते आहे. नेणार आहे. नेता आली तर.

त्याची पण वेगळीच वरात आहे. दवाखाना एकटीला खोली देतो. पोर असेल तर घर दाखवा, ते किती मोठं ते दाखवा. केरळची एक नर्स तिथं आधीपासून आहे, तिनं दोन खोल्या शोधून दिल्या. गोवराच्या सुया झाल्याचा कागद पाहिजे, नाहीतर शाळेत घेत नाहीत. आणि शाळेत घालावंच लागतं, सहा वर्षांच्या पोराला घरी ठेवलं तर सरकार दारात येतं म्हणे. मोनालीची ड्युटी असेल तेव्हा पोरीला कोण बघणार ते मी विचारलं. तिनं त्याचंही उत्तर शोधून ठेवलंय, शाळेतच संध्याकाळपर्यंत ठेवतात. मी जे जे विचारते त्याचं तिच्याकडे उत्तर असतं. मला त्याचाच राग येतो.

एकाच गोष्टीचं उत्तर तिच्याकडे नाही. पोरीचा पासपोर्ट आई-बाप दोघांच्या सहीनं निघतो. व्हिसाला पण बापाची संमती लागते, नोटरीसमोर. दोन्ही फॉर्म या पाकिटात आहेत. बुधवारी १९ तारखेला पासपोर्टची तारीख आहे. ती हुकली तर मोनाली एकटी जाईल आणि हिमानीचं पुढे बघू. पुढे मतलब दीड वर्ष, दोन वर्षं.

तुम्ही म्हणाल, माझी सही कशाला? बैठकीत तर सगळं मिटलं होतं. मलाही तसंच वाटलं होतं. तो सोडचिठ्ठीचा कागद घेऊन मी वकिलाकडे गेले. तीन वर्षांपूर्वी समाजाचे पाच जण बसले, चहा झाला, शंभराच्या स्टॅम्पावर दोघांनी सह्या केल्या, पोर आईकडे, संपलं. वकिलानं तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "बाई, हा फ्रेम करून भिंतीला लावा." कायद्यात त्याला किंमत नाही. कायद्यानं मोनाली अजून तुमची बायको आहे. कोर्टातून हुकूम आणायचा तर वर्षाच्या आत होत नाही.

बैठकीला घाई कोणाची होती ते तुम्हाला आठवत असेल. माझीच. पंच म्हणत होते, कोर्टात जा, पक्कं करून घ्या. मी म्हटलं, कोर्टाच्या चकरा कोण मारणार, मला ऑर्डरी आहेत. मला तुमचं तोंड बघायचं नव्हतं, हे खरं कारण. विहीणबाई रातपाळीवरून मोनालीला बोलल्या ते बोलल्या, तुम्ही बाजूला बसून केळीच्या पानाशी खेळत होता. ते मी विसरले नाही. पण तो विषय आज नाही.

दुपारी लिहिते आहे. मध्ये शेजारची कोकिळा आली, तिच्या पुतणीच्या लग्नात दोनशे मांडे पाहिजेत. हो म्हटलं. मग एक घाणा करून पाहिला. खापर तापलं, मांडा हातावर ताणला, आणि मधूनच फाटला. दुसरा फाटला. पंचवीस वर्षांत माझा मांडा फाटला नाही. खापर उतरवून ठेवलं आणि पुन्हा इथं येऊन बसले. लिहून झाल्याशिवाय हाताला काही लागणार नाही असं दिसतंय.

तर ऐका. हे फॉर्म मोनालीनं माझ्याकडे ऑगस्टमध्ये दिले.

बैठकीतच ठरलं होतं ना, दोन्हीकडून जे काय सांगायचं ते मोठ्यांमार्फत, नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलायचं नाही. मोनालीनं ते पाळलं. ती म्हणाली, आई, तू दापोऱ्याला जा, नीट बोल, भांडू नको, सही घेऊन ये. मी गेले. रक्षाबंधनानंतरचा गुरुवार होता. तुमच्या फाट्यावर उतरले. तुम्ही रस्त्याच्या पलीकडेच होता, ट्रकमध्ये घड चढवत. खांद्याला केळीच्या चिकाचे डाग पडलेला शर्ट. तुम्ही मला पाहिलं नाही. मी टपरीवर चहा घेतला, पिशवीतले फॉर्म चाचपले, आणि परतीच्या रिक्षात बसले.

घरी येऊन मोनालीला फोनवर सांगितलं, नाही म्हणतो. ती म्हणाली, काय म्हणाला नेमकं? मला काहीतरी सांगणं भाग होतं. मी म्हटलं, म्हणतो, पोरगी माझी आहे, परदेशात जाणार नाही.

तुम्ही असं काही म्हणाला नाहीत. तुम्हाला कोणी विचारलंच नव्हतं.

सप्टेंबरमध्ये तिनं परत जा म्हटलं. मी जैनाबादला बहिणीकडे जाऊन बसले आणि संध्याकाळी सांगितलं, तेच म्हणतो. दसऱ्यानंतर तिनं तिसऱ्यांदा जा म्हटलं, तेव्हा तर घराबाहेरही पडले नाही, तेच सांगितलं. फॉर्म पिठाच्या डब्याखाली होते.

का, ते लिहायला लावू नका. तुम्हीच बघा. सकाळी सातला पोरगी उठते. केस विंचरताना ओरडते. शाळेतून आली की दप्तर दारात फेकते आणि मी मांडे घालत असेन तर ओट्यावर बसून जर्मन भाषेत मांडे मोजते, मोबाईलवरून शिकली आहे. वीसच्या पुढे चुकते. मी ओरडते, आधी मराठीत मोज. मोनाली इंदूरला गेली तेव्हापासून पोर माझ्याकडेच आहे. तापात माझ्याकडे होती. पहिला दात पडला तेव्हा माझ्याकडे होती. मला वाटलं, आई जाईल, पैसे पाठवील, पोर राहील. दोन वर्षांत कोण कुठे असेल काय सांगावं. एवढाच विचार केला. वाईट केला असं म्हणायला मी तयार आहे, पण आधी वाटला नाही वाईट.

गेल्या रविवारी मोनाली आली होती. मी समजत होते, तुमच्या नावानं खडे फोडील. तर ती पोरीचे कपडे घडी करत बसली आणि म्हणाली, "आई, मी त्याच्या जागी असते तर मी पण सही केली नसती. माया आहे म्हणून अडतोय." आणि म्हणाली, येत्या रविवारी मीच दापोऱ्याला जाते, पंचांचं जे व्हायचं ते होऊ दे, त्याच्या आईच्या पाया पडते.

आता खरं सांगते. तेव्हा मला पश्चात्ताप वगैरे झाला नाही. भीती वाटली ती पकडली जाईन याची. काल दिवसभर मी हाच विचार करत होते की आता कोणती नवी थाप मारू. तुम्ही मुंबईला गेलात, आजारी आहात, असलं काहीतरी.

मग काल संध्याकाळी हिमानीला आणायला शेजारच्या अश्विनीच्या घरी गेले. दोघी पोरी दारात भातुकली मांडून बसल्या होत्या, पाठ माझ्याकडे. अश्विनी म्हणाली, तू जर्मनीला जाणार होतीस ना? आपली म्हणाली, बाबा सही करत नाहीत. अश्विनी म्हणाली, मग तुझे बाबा वाईट आहेत. तर ही कशी बसली होती माहीत आहे, अशी कंबरेवर हात ठेवून. म्हणाली, "वाईट नाहीत. बाबा म्हणतात, पोरगी माझी आहे. आजीनं मम्मीला फोनवर सांगितलं, मी ऐकलंय."

तिनं ते तीन महिने जपून ठेवलं होतं. मला एकदा विचारलं नाही, आईला सांगितलं नाही. आणि मला आत्ता कळतंय की रविवारी ती ओट्यावरून सारखी गल्लीच्या तोंडाकडे का बघते. मी ओरडायची, काय बघतेस, मोजणं चुकतंय.

योगेशराव, तुम्ही मागच्या दोन दिवाळ्यांना आला होता. पहिल्यांदा मी म्हटलं, ती मामाकडे गेली आहे. ती आत झोपली होती. दुसऱ्यांदा म्हटलं, मोनालीला पटत नाही तुम्ही आलेलं. मोनालीला ठाऊकच नाही तुम्ही आला होता ते. तुम्ही आणलेला पिवळा फ्रॉक माझ्या पेटीत आहे, लेबलासकट. आता तिला होणार नाही, पोर हातभर वाढली. या दिवाळीला तुम्ही आला नाहीत. तुम्ही कंटाळला असाल. मी पण कंटाळले असते.

हे सगळं मोनालीला सांगायचं बाकी आहे. शनिवारी ती आली की सांगेन. ती काय करील मला माहीत नाही. बोलायची बंद होईल बहुतेक. होऊ दे. तुम्हाला आधी लिहिलं, कारण तुम्ही रागावलात तरी मला फार फरक पडत नाही. तिचं तसं नाही.

आता काम. येत्या रविवारी, १६ तारखेला, सकाळी दहापर्यंत घरी या. विहीणबाईंना आणायचं तर आणा, मी तोंड उघडणार नाही. आधार कार्ड, त्याच्या दोन झेरॉक्स आणि दोन फोटो आणा. निळ्या शाईचा पेन घरी आहे. नोटरीचं सोमवारी, त्याला अर्धा दिवस लागेल, मंडईचा दिवस बुडेल तर बुडू द्या. फॉर्म घरी भरून पाठवू नका. कोरेच परत आणा. लोटूभाऊच्या हातून तर नकोच, कारण तो मला आणून देईल, आणि सही केलेला कागद माझ्या हातात आला तर मी त्याचं काय करीन हे मला आज सांगता येत नाही. सही झाली की कागद सरळ मोनालीच्या हातात द्या. मी मागितला तरी देऊ नका.

सही करायची नाही असंही तुम्ही म्हणू शकता. तुमचा हक्क आहे. तिकडे गेली की रविवारी येऊन भेटण्यासारखं अंतर राहत नाही, हे मला कोणी सांगायला नको. मला तीन महिने जे जमलं नाही ते मी तुम्हाला पाच दिवसांत करा म्हणते आहे. नाही म्हणायचं असेल तर मात्र स्वतः येऊन म्हणा. तुमच्या नावावर मी आता काही सांगणार नाही.

आणि करणार असाल, तर हिमानीसमोर करा. नुसती सही केलीत तर तिला वाटेल, बाबांनी सोडून दिलं. तिच्याकडे तुमचं एकच वाक्य आहे आणि तेही माझं बनवलेलं. ते आधी तिच्यासमोर म्हणा, तिच्या डोळ्यांत बघून. पोरगी माझी आहे. मग सही करा. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात हे मला या वयात कळलं, तिला सहाव्या वर्षी कळेल.

दार मीच उघडेन. कोणी मामाकडे गेलेलं नसेल.

कागदावर अजून तरी तुमची सासू,
लीलाबाई