साखर उतरत नाही

११ नोव्हेंबर, सोमवार
उपाशीपोटी ११८. शाबास, बाई.
माहेरी येऊन पाच दिवस झाले. तलासरीहून उधव्याच्या शाळेत रोज जीपने आदळत जायचं, डॉ. बाई सरळ नाही म्हणाल्या. सातवा आठवडा. महेश म्हणाला, धाकट्या डहाणूला आईकडेच राहा, तिथून दवाखाना जवळ. म्हणून रजा टाकली. चौथीची पोरं म्हणे वर्गात धुडगूस घालतायत. घालू देत.
इथला फ्रिज बंद पडलाय. खाऱ्या हवेने पार गंजलाय. मी इन्सुलिनच्या नव्या बाटल्या कुठे ठेवू म्हणून घोळत होते, तर बाबा म्हणाले, "चाळीस वर्षं मासळी राखली मी, तुझ्या सहा बाटल्या राखणार नाय काय?" स्टीलच्या डब्यात घातल्या, डबा त्यांच्या बर्फाच्या पेटीत. उघडलेली जोडी माझ्या पर्समध्ये.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
१२४.
सोनोग्राफी. ठोके दिसले. पडद्यावर एक दाणा आणि त्यात काहीतरी लुकलुकत होतं. डॉ. बाई म्हणाल्या, "साखर अशीच ठेवा, बाकी मी बघते." महेशला फोन केला, त्याला बोलताच येईना. येडा.
परत येताना आईने रिक्षात हात सोडला नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार
१३१. जुन्या दोन्ही बाटल्या संपल्या, जेवणाआधीची आणि रात्रीची. बाबांनी नव्या काढून दिल्या. इतक्या गार की मुठीत धरून बसले दहा मिनिटं, मग टोचलं.
आईने भरलेलं पापलेट केलं. भात एकच वाटी घेतला.

१८ नोव्हेंबर, सोमवार
२४८. काय झालं? रात्री पाव भाकरी आणि भाजी. बस.

१९ नोव्हेंबर, मंगळवार
सकाळी २८६. दुपारी ३१२. वर्गात पहिली!
हसू येत नाहीये. डोकं जड, तोंड कोरडं, दर तासाला बाथरूम. तेरा वर्षांची असल्यापासून हा आजार सांभाळतेय, सोळा वर्षं झाली, साखर वर गेली तर का गेली ते मला कळतं. ताप, पाळी, भांडण, लग्नातलं जेवण. या वेळी काहीच नाही. डोस चुकला नाही. सुई नवी. मशीन मेलं बिघडलं असेल म्हणून नवं आणलं. नव्या मशीनवर ३०५.

२१ नोव्हेंबर, गुरुवार
डॉ. बाईंकडे. "या दिवसांत शरीर जास्त इन्सुलिन मागतं, वाढवा." चार युनिट वाढवले. हायसं वाटलं. कारण आहे म्हणजे उपाय आहे.
संध्याकाळी २९०.

२३ नोव्हेंबर, शनिवार
आज आई बोलली.
"खरं सांग, काय खाल्लंस?"
"काही नाही."
"डब्यात दिवाळीचे सात लाडू होते. पाच राहिले."
तेवढ्यात बाबा आत आले, म्हणाले, "मी खाल्ले." आईला वाटलं मला पाठीशी घालतायत. "तुम्हीच लाडावून ठेवलीय. पोटातल्या जिवाची तरी दया कर म्हणावं." चोर सोडून संन्याशाला फाशी. मी ताट तसंच सारलं आणि ओट्यावर जाऊन बसले. रडले. रडून साखर वाढते हेही माहीत आहे.
बाबा मागून आले. जाळ्याची गाठ सोडवत बसले शेजारी. मग म्हणाले, "माझी पोर खोटं बोलत नाय." एवढंच.

२४ नोव्हेंबर, रविवार
महेशचा फोन. तोही. "म्हणजे मी असं म्हणत नाही, पण नकळत काही... चहात?" मी ठेवून दिला. पुन्हा आला, उचलला नाही.
या घरात, या गावात, सगळ्या जगात माझ्या बाजूने एकच माणूस आहे.
३२०.

२६ नोव्हेंबर, मंगळवार
बाटली खराब असेल असं मनात आलं. बाबांकडून पेटीतली दुसरी जोडी मागून घेतली, सील फोडलं. काहीच फरक नाही. म्हणजे बाटलीचा दोष नाही. म्हणजे माझाच.
दोन दिवस भाकरी बंद. नुसती भाजी, ताक. तरी ३४०. पोटावर हात ठेवते आणि म्हणते, बाबा रे, थोडे दिवस सांभाळून घे. तुझी आई वाईट नाही रे.

२७ नोव्हेंबर, बुधवार
उलट्या. श्वास लागतोय. लघवीत कीटोन, पट्टी काळीजांभळी. आई रिक्षा आणायला धावली

३० नोव्हेंबर, शनिवार
दवाखान्यात. सलाईनमधून इन्सुलिन लावलं, सहा तासांत साखर उतरायला लागली. मोठे डॉक्टर म्हणाले, "घरी डोस चुकवत होतात का?" आईसमोर. मी नाही म्हणून मान हलवली. आई खिडकीबाहेर बघत होती.
काल सोनोग्राफी. डॉ. बाई बराच वेळ मशीन फिरवत राहिल्या. मी पडद्याकडे बघत होते. दाणा होता. लुकलुक नव्हती.

४ डिसेंबर, बुधवार
काल घरी आणलं.
सगळं झालं. पिशवी साफ. काय शब्द आहे.

७ डिसेंबर, शनिवार
१०४. दुपारी १२१.
आता बरी येतेय. दवाखान्यातून निघताना मेडिकलमधून घेतलेली नवी जोडी पर्समध्येच आहे, तीच टोचते. डोस पहिल्यासारखा कमी केला तरी साखर जागेवर. आता जागेवर राहून कुणाला दाखवायची?
महेश दोन दिवस राहून गेला. उशाशी बसला, डोक्यावरून हात फिरवला. म्हणाला, "जाऊ दे, आता काही बोलायला नको." त्याच्या मनात काय आहे ते या 'जाऊ दे'मधूनच कळलं. तो मला माफ करतोय.

९ डिसेंबर, सोमवार
पहाटे जाग आली. बाबा मागच्या पडवीत पेटी भरत होते. कारखान्यातला चुरा बर्फ, मग मीठ. ओंजळभर जाडं मीठ बर्फावर, वर गोणपाट. मी विचारलं, "मीठ कशाला?"
"बर्फ गारवा जास्त धरतो, बाय. नुसत्या बर्फापेक्षा दुप्पट गार. चांगल्या पापलेटाला मी असंच करतो." मग स्टीलचा डबा उघडून दाखवला. हौसेने. "तुझ्या राहिलेल्या दोन बघ, कशा राखल्यात. अगदी दगड."
पांढरा बर्फ होता बाटलीत. त्यांनी ती माझ्या हातावर ठेवली. "दुपारपर्यंत सुटते ती. तू मागायचीस तेव्हा मी आधी बाहेर काढून ठेवायचो, तुला गार लागू नये म्हणून."
मी म्हटलं, "हो, बाबा."

त्याच दिवशी, दुपारी
खोक्यातला कागद काढून वाचला. वाचायची गरज नव्हती. गोठलेलं इन्सुलिन वापरू नये, ते मेलेलं असतं. तेराव्या वर्षी मला पहिल्या दिवशी शिकवलेलं. सहाही बाटल्या एकाच पेटीत. म्हणून दुसरी फोडूनही फरक नाही. जवळजवळ पाणी टोचत होते मी अंगात दहा दिवस.

१० डिसेंबर, मंगळवार
मला बाबांचा राग येतोय. इथे लिहिते, दुसरीकडे कुठे लिहिणार. असा राग की त्यांच्या खोकण्याचा आवाज सहन होत नाही. कोणी सांगितलं होतं मीठ घालायला? विचारायचं तरी!
मग स्वतःचा येतो. मी एकदा तरी ती पेटी उघडून बघितली का? चौथीच्या पोरांना ओरडते, उत्तर न तपासता वही देऊ नका. बाटली गार लागली तेव्हा मुठीत धरून बसले, महाराणी. बाबांना आजार माहीत नाही, मला आहे.
दोन्ही राग आळीपाळीने येतात. मध्ये काही वेळ नुसतं रिकामं वाटतं. ते सगळ्यांत वाईट.

१२ डिसेंबर, गुरुवार
महेशचा फोन. "आई विचारते, नक्की काय खाण्यात आलं होतं? पुढच्या वेळी लक्ष ठेवायला." पुढच्या वेळी.
"कारण कळलं नाही," मी म्हटलं.
"डॉक्टर काहीच बोलले नाहीत?"
"नाही."
फोन ठेवला. एक वाक्य सांगितलं की मी सुटते. सासूबाईंसमोर, महेशसमोर, आईसमोर. आई मला अजून वाढताना ताटाकडे बघते. पण ते वाक्य ओट्यावरच्या बाबांपर्यंत जाणार. भिंती कसल्या आहेत इथे? आणि बाबा एकदा समजले की पुन्हा पेटीला हात लावणार नाहीत. मासळीच्यासुद्धा. मी ओळखते त्यांना. होडीवरून त्यांचा खलाशी पाण्यात पडला होता, वाचला, तरी बाबा वर्षभर नीट जेवले नव्हते.
नाही सांगितलं तर आयुष्यभर मी ती, जिने दोन लाडवांपायी पोर घालवलं.

१३ डिसेंबर, शुक्रवार
९८.
आईने आज माझे केस विंचरले. लहानपणासारखे, गुंता हळू सोडवत. म्हणाली, "होतं गं. मन ताब्यात राहत नाही माणसाचं. मी पण डोहाळ्यांत..." तिला समजूत घालायची होती. मी उठून गेले. अर्धी वेणी तशीच.

१५ डिसेंबर, रविवार
महेश चारला न्यायला येणार. उद्यापासून शाळा. बॅग भरली.
त्या दोन बाटल्या सकाळी कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकल्या. आई मांदेलीचं लोणचं बरणीत भरत होती, बाबा नाक्यावर गेले होते. निदान मला तसं वाटलं.
जेवण झाल्यावर आई पुन्हा बरणी भरायला बसली, तेव्हा बाबा आत आले. हातात तो कागद. उलगडलेला. म्हणाले, "सीलबंद होत्या. का टाकल्यास?"
"तारीख गेली होती."
बाबांनी बाटली डोळ्यांजवळ धरली. त्यांना मराठी वाचता येतं, आकडे येतात. तारीख पुढच्या वर्षीची आहे. बराच वेळ बघत राहिले.
"दवाखान्यात गेलीस आणि उतरली," ते म्हणाले. "घरी उतरत नव्हती."
आईचा हात बरणीतच थांबला.
"बाय. त्या पेटीचं काय होतं का?"
मी म्हटलं, "बाबा, चहा टाकते."
चहा टाकला. त्यांनी घेतला नाही. आई एकदा त्यांच्याकडे बघते, एकदा माझ्याकडे. तिच्या तोंडावर पहिल्यांदाच वेगळं काहीतरी आलंय. आत येऊन हे लिहितेय. साडेतीन झाले. बाबा उंबऱ्यात उभे आहेत, बाटली हातात, जात नाहीत. आता पुन्हा हाक मारली