वाढणाऱ्यानं शेवटी घ्यावं

शिरूर अनंतपाळ
१२ जून २०२४

ती. दानम्मा आक्का यांस,
कोंडाबाईचा सप्रेम सलाम. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, घरात कुणी आजारी नाही. फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही आपल्या मनानं भरता, म्हणून लिहायला बसले.

गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे एप्रिलमध्ये तुम्हाला सख्ख्या भावाच्या मातीला येता आलं नाही. त्या दिवसाचं लोकांनी तुम्हाला गोड करून सांगितलं असणार. खरं ते मी सांगते. आमच्या पाळकानं, आनंदराजनं, तुमच्या भावाची पेटी ख्रिस्तमंदिरात येऊ दिली नाही. दर गुरुवारी आमच्या अंगणात भजन व्हायचं ते तुम्हाला माहीतच आहे. बाप्तिस्मा न झालेले शेजारीही त्यात बसायचे, ज्याच्या मनात येईल तो बोलायचा. परवानगी न घेता उपासना भरवली म्हणून पाळकानं यांचं मंडळीतलं नाव तहकूब केलं होतं, आणि तहकूब माणसाची पेटी आत घेता येत नाही म्हणे. फाटकाबाहेर उन्हात पेटी ठेवली, दोन ओळींची प्रार्थना म्हटली आणि घड्याळ बघितलं. रविवारच्या प्रार्थनेत व्यंकटी हे नाव त्याच्या तोंडातून निघालं नाही. आतली सगळी फरशी याच गवंड्यानं बसवलेली.

मला त्याची माफी नको आक्का. मला त्याची रिकामी बाकं बघायचीत. मेच्या शेवटच्या रविवारपासून मी आपल्या अंगणात उपासना सुरू केलीय. मंदिराची घंटा होते तीच वेळ, मुद्दाम. लोक यायला लागलेत. देवाला यात काय वाटत असेल ते त्यालाच ठाऊक, मला बरं वाटतं.

गुडघ्याला जपा. लोभ आहेच, पण तुमच्याकडं राग शिल्लक असेल तर तोही पाठवा, सध्या उपयोगी पडेल.

तुमची
कोंडाबाई


विष्णुपुरी, नांदेड
२५ जून २०२४

चि. कोंडाबाई हिस,
दानम्माचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

हात सवयीनं ‘सौ.’ लिहायला गेला आणि थांबला. तेवढ्यावरून बराच वेळ रडले, मग पत्र पुरं करायला बसले.

व्यंकटी माझ्या पाठचा. आई रोजानं जायची तेव्हा त्याला कडेवर घेऊन मी शाळेच्या खिडकीतून धडे ऐकलेत. त्याची पेटी फाटकाबाहेर ठेवणाऱ्याला मी इथं बसून जे काही बोलले ते कागदावर लिहिण्याजोगं नाही. तू करतेस ते कर, पण घाई करू नकोस. रागाच्या भरात घेतलेला सूड कच्च्या डाळीसारखा असतो, आपल्याच पोटात दुखतं.

इथलं म्हणशील तर आमची ऋतुजा रविवारी मोबाईलवर उपासना लावते आणि कांदा चिरते. प्रवचनाला फोडणीचा वास येतो. मी तिला टोकलं तर म्हणाली, आजी, देव कुठं नाही? देव असेल ग बाई, पण शेजारी खोकणारं कुणी नसतं त्याचं काय करू? मला तर मंडळी म्हणजे तेच वाटतं. तुझ्या अंगणात माणसं खेटून बसतात हे वाचून हेवा वाटला.

पण एक गोष्ट तुझ्या ध्यानात आलेली दिसत नाही. भजन तुम्ही म्हणाल, वचन कुणीही वाचेल, पण प्रभुभोजनाची भाकर नि द्राक्षरस द्यायला दीक्षा झालेला पाळकच लागतो. चार महिने लोक कळ काढतील, मग महिन्याच्या पहिल्या रविवारी आपसूक त्याच्याकडं वळतील. त्याचा बंदोबस्त काय?

पोटाला नीट खात जा. रागानं पोट भरत नाही. आशीर्वाद तर जन्माचेच आहेत.

तुझी
दानम्मा


शिरूर अनंतपाळ
१९ ऑगस्ट २०२४

ती. आक्का यांस,
सप्रेम सलाम. वि. वि.

खुशखबर लिहिते. काल मंदिरात पाळकाचं प्रवचन ऐकायला त्याची बायको पुनम, खजिनदार नरसिंग आणि वर फिरणारा पंखा, एवढेच होते. नरसिंगनंच येऊन सांगितलं, आणि सांगून झाल्यावर तोही आमच्यात भाकरीला बसला.

इकडं अंगण पुरत नाही. शेजारच्या केवळाबाईनं तिच्या घरच्या सतरंज्या दिल्या. ती मारुतीची भक्त, पण भजनाला टाळ तिच्याइतका कुणाला धरता येत नाही. पुढं कुणी उभं राहत नाही, सगळे गोल बसतात, घरून आणलेलं मधे ठेवतात आणि वाटून खातात. महादेवी तुम्हाला आठवत असेल, मंदिरात खांबाआड बसून वीस वर्षांत तोंड न उघडलेली. ती परवा आपल्या गेलेल्या लेकराबद्दल बोलली. कुणी तिला उपदेश केला नाही. केवळाबाईनं नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला. खरं सांगते, अशा वेळी मी सूड विसरून जाते, आणि मग आठवलं की स्वतःचाच राग येतो.

तुम्ही लिहिलं होतं तसंच झालं. म्हातारी माणसं प्रभुभोजन मागायला लागलीत. माझ्या डोक्यात आलं, आपण त्याच्याकडं का जावं? त्यालाच इथं आणू. पाळकाचा अंगरखा न घालता यावं, सतरंजीवर बसावं, आणि अंगणात येतात म्हणून ज्यांना त्यानं बाटगे म्हटलं त्यांच्यासमोर वाढावं. नरसिंगच्या हाती निरोप पाठवणार आहे. अजून काही अट सुचत असेल तर लगेच कळवा.

लेकरांना गोड पापा. तुमचा लोभ असाच तिखट राहू द्या.

तुमची
कोंडाबाई


विष्णुपुरी, नांदेड
२ सप्टेंबर २०२४

चि. कोंडाबाई हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं डोकं माझ्या भावापेक्षा चालतं, हे मी लग्नातच ओळखलं होतं. एक अट माझी घाल. मंदिरात पाळक आधी स्वतः घेतो आणि मग लोकांना देतो. आपल्या पंगतीत वाढणारा शेवटी जेवतो. तेव्हा तुझ्या अंगणात शेवटच्या माणसानं घेतल्याशिवाय त्यानं तोंडात घालायचं नाही. साहेबाला एकदा वाढपी होऊ दे.

त्याला चपलांपाशी बसव. कसं झालं ते सविस्तर लिही, मी वाट बघून राहिले. तोवर या म्हातारीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
दानम्मा


शिरूर अनंतपाळ
८ डिसेंबर २०२४

ती. आक्का यांस,
सप्रेम सलाम. वि. वि.

तीन महिने पत्र नाही म्हणून तुम्ही रुसला असाल. रुसण्याआधी पूर्ण वाचा.

आपल्या सगळ्या अटी मान्य करून ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी तो आला. पायी आला, साध्या शर्टात, हातात फडक्यानं झाकलेलं ताट. मी चपलांपाशी बोट दाखवलं, तो तिथं बसला. सगळ्यांनी बघितलं. मला गूळ खाल्ल्यासारखं झालं. मग वचन झालं, प्रार्थना झाली आणि तो ताट घेऊन वाढायला उठला. महादेवीला दिलं, नरसिंगला दिलं, एकेकाला देत गोल फिरत माझ्याकडं यायला लागला, तेव्हा कुठं मला उमगलं. आक्का, आपण दोघींनी एवढा डाव रचला आणि एवढी साधी गोष्ट आपल्या डोक्यात आली नाही. तो वाढणार म्हणजे मलाही वाढणार. माझ्याच अंगणात मला त्याच्यापुढं हात पसरावा लागणार.

मी हात पसरला नाही. तो वाकून तसाच उभा राहिला. लोकांनी माना खाली घातल्या. सोयाबीन काढणीला आलेलं, सगळ्यांना घाई, पण कुणी उठेना. शेवटी तो मला एकटीला ऐकू येईल एवढंच बोलला, “बाई, तुमच्या आधी मला घेता येत न्हाई. अट तुमचीच हाय.” त्यानं ताट झाकलं आणि न घेताच गेला.

त्या दिवशी मी फार हसले. तुमच्या अटीनं त्याला जी शिक्षा दिली ती मला जन्मात सुचली नसती. महादेवीला पुनमकडून कळलं की नंतर मंदिरात जाऊनही त्यानं घेतलं नाही. मी म्हटलं, राहू दे उपाशी.

नोव्हेंबरात तो परत आला. न सांगता जाऊन चपलांपाशी बसला. प्रार्थनेत त्यानं व्यंकटी हे नाव घेतलं. त्यांची पेटी मी बाहेर ठेवली, ते माझं पाप आहे, असं सगळ्यांदेखत म्हणाला. मला वाटायचं की हे ऐकलं की माझी आग विझेल. विझली नाही. तो माझ्यापुढं वाकला आणि माझी मूठ मिटलेलीच राहिली. त्यानं परत ताट झाकलं. पुनमच्या डोळ्यांना पाणी आलं, तेही मी बघून घेतलं.

आता मंदिराला रविवारी कुलूप असतं. सगळे इथं येतात, पुनमही बायकांत बसते, भाकरी वाटते. मी मागितलं ते सगळं मला मिळालं. अंगण भरलेलं असतं, सगळे घेतात, आणि त्यात उपाशी राहतो ते आम्ही दोघंच. मी घरधनीण, अन् मीच प्रभूच्या पंगतीत कोरडी. यांना हे बघून काय वाटलं असतं ते तुम्हीच मला सांगा. मी विचार करते आणि मधेच सोडून देते.

गेल्या रविवारी, एक तारखेला, पाळक तिसऱ्यांदा आले. नुसते वाकले. आणि आक्का, माझा हात आपोआप उठला. मी तो मांडीखाली दाबून धरला. बाकी कुणाला दिसलं नाही, त्यांना दिसलं. आणि ताट झाकायच्या आधी ते पहिल्यापेक्षा जरा जास्त थांबले.

मी त्यांना माफ केलेलं नाही, तसं समजू नका. तुम्हीही करा असं म्हणत नाही. पण आता तुमचा गुडघा चालतोय, ऋतुजाला सोबत घेऊन जानेवारीच्या पहिल्या रविवारी या. नांदेडहून सकाळची गाडी आहे. तुमची जागा माझ्या उजव्या हाताला ठेवलीय. एवढं करा, तो हात परत उठला, तर धरू नका.

तुमच्या मायेवर हक्क सांगणारी
कोंडाबाई