पहिली ओव्हर कुणाची?

मंगळवार, ६ जानेवारी २०२६

दाताच्या डॉक्टरनं आज कहर केला. तोंडात ते घरघरतं यंत्र, अर्धा जबडा बधिर, डोळ्यांत पाणी, आणि हा बाबा वाकून विचारतो, "मॅडम, परवा पहिली ओव्हर शालूच ना?" मी काय बोलणार! घशातून कसलासा आवाज निघाला. त्यानं तो होकार धरला आणि हातमोजे घातलेल्या हातानंच खिशातला मोबाइल काढला. तेच मोजे परत माझ्या तोंडात!

बारा वर्षं झाली मुलींना क्रिकेट शिकवतेय. सगळ्या मुकुंदवाडीत कुणी कधी विचारलं नाही की बाई, तुमच्या पोरी जिंकल्या की हरल्या. खुद्द आईबाप मॅच बघायला यायचे नाहीत. आणि आता दूधवाल्याला आमची बॅटिंग ऑर्डर पाठ! प्रेमापोटी नव्हे. तात्यासाहेबांनी महिला लीग काढली, छावणीतल्या मैदानावरून मोबाइलवर लाइव्ह दाखवायला लागले, आणि कुठली कुठली माणसं आमच्या पोरींवर सट्टा लावायला लागली. पहिली ओव्हर कोण टाकणार, तिच्यात वाइड किती, रन किती — कशावरही. कायदा आला, ॲप बंद झाली, तेव्हा मी पेढे वाटायचीच बाकी होते. कसलं काय! आता ज्याच्या त्याच्याकडं चोरून सट्टा लावायचा 'आयडी' आहे. व्हॉट्सॲपवर कुणीतरी देतो, कुणीतरी घेतो, आणि डोकेदुखी माझी.

दात अजून दुखतोय.

गुरुवार, ८ जानेवारी

जिंकलो! शालूनं पहिल्याच ओव्हरीत दोघींच्या दांड्या उडवल्या. ही पोर बिडकीनकडची. बाप मल्हारराव मेंढ्या घेऊन रानोमाळ, आई बानाबाई रोजंदारीला. लहानपणापासून दगड भिरकावून मेंढ्या वळवल्यात, तो हात आहे तिचा. पुढच्या महिन्यात पुण्याला राज्य संघाची निवड चाचणी आहे. इतक्या वर्षांत तिथं उभं राहण्याजोगी ही एकच हाताला लागली. तिला तिथं पोचवायचं. बाकी या लीगकडून मला काहीही नको.

पण डोक्याला ताप आहेच. सकाळी मुलींना गोल उभं करून मी कोण कधी बॉलिंग टाकणार ते सांगते. मग खेळपट्टीपाशी नारळ. आमच्यात जिची पहिली ओव्हर तिनंच नारळ फोडायचा, ही मीच लावलेली पद्धत. शालू आईनं दिलेला भंडारा त्यावर टाकते, तात्यासाहेब हात जोडून कॅमेऱ्यात घुसतात, मग टॉस. आज टॉस व्हायचा होता, आणि दोरीपलीकडं एक गॉगलवाला फोनवर सांगत होता, "शालूच, पक्का है भाई." कोण सांगतं यांना? माझ्याच पोरींपैकी कुणीतरी! मुलींना सोडून मी हे कुणालाच सांगत नाही.

शनिवार, १० जानेवारी

सगळ्यांचे मोबाइल सकाळीच पिशवीत गोळा केले आणि पिशवी दिवसभर खांद्याला लावून फिरले. खांदा गेला. तरी गॉगलवाल्याला आधीच माहीत! मी एकेकीच्या तोंडाकडं संशयानं बघत बसले आणि आपली बॅटिंग कधी गडगडली तेसुद्धा कळलं नाही. हरलो.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. हळदीकुंकवाला जाईन तिथं तिळगूळ हातावर ठेवता ठेवता तीच चौकशी. आशाबाईंनी वाण म्हणून चहाची गाळणी दिली आणि कानाशी लागून म्हणाल्या, सुनेला कळू देऊ नका, पण शुक्रवारचं काही सांगता येईल का? नातवंडं शाळेत जाणारी बाई! अंगाचा तिळपापड झाला. गाळणी मात्र चांगली आहे.

शुक्रवार, १६ जानेवारी

कोण फोडतं ते सापडलं. सापडलं नसतं तर बरं झालं असतं!

सकाळी मुलींच्या संडासात पाण्याचा टिपूस नव्हता. मी तात्यासाहेबांच्या माणसांशी भांडत होते, त्यामुळं नारळाला हजर नव्हते. परत आले तर आपली फिल्डिंग. ठरल्याप्रमाणं शालूनं पहिली ओव्हर टाकली, छान टाकली, आणि सीमेवर जाऊन उभी राहिली. तोच तो गॉगलवाला तरातरा दोरीपाशी आला आणि तिच्यावर ओरडला, "ए पोरी! तू टाकनार नव्हती ना आज? दुसरी टाकनार व्हती! फसवती का आमाला?"

मी ऐकलं. सगळ्यांनी ऐकलं. कोण टाकणार, कोण नाही, याबद्दल हा माणूस हिच्याकडं जाब मागतो म्हणजे काय? म्हणजे हिचंच त्यांच्याशी बोलणं होतं. आजवर खरं सांगत होती, आज खोटं सांगितलं. दुसरा काय अर्थ निघतो?

मॅच संपल्यावर मंडपात सगळ्यांसमोर उभी केली. तात्यासाहेब होते, कॅमेरावाले होते, पंच होते. ती खालच्या आवाजात म्हणाली, "मॅडम, जरा बाजूला या. सांगते." मी म्हटलं, बाजूला काय म्हणून? जे आहे ते सगळ्यांसमोर बोल. तिनं एकदा त्या पुरुषांकडं बघितलं आणि तोंड मिटलं ते मिटलं. मी तीनतीनदा विचारलं. मग माझा तोल गेला. उद्यापासून मैदानावर पाय ठेवू नकोस म्हणाले. तिनं किटबॅग उचलली. माझ्या पिशवीतला तिचा मोबाइल तेवढा मागितला, आणि गेली.

घरी येऊन रडले. इतका राग मला कधी कुणाचा आला नव्हता. पुण्याचं स्वप्न तिच्यापेक्षा मीच जास्त बघत होते, आणि हिनं ते त्या गॉगलवाल्याला विकावं!

शनिवार, १७ जानेवारी

तात्यासाहेबांनी लीगच्या ग्रुपवर शालूचा फोटो टाकला. "सट्टेबाजीप्रकरणी खेळाडू बाहेर." खाली टाळ्यांची चित्रं. टाळ्या वाजवणारे सगळे आयडीवाले!

सोमवार, १९ जानेवारी

आज पहिली ओव्हर अपेक्षाची. नारळ तिनं फोडला. आणि गॉगलवाला टॉसच्या आधी फोनवर — "अपेक्षा, अपेक्षा!" शालू तर बिडकीनला. मग आज कुणी सांगितलं?

हाच वैताग घेऊन घरी आले. सोमनाथ जेवत होता. (नवराच आहे, वहीत तरी नाव घेते.) भाकरी मोडता मोडता, हवापाण्याचं सांगावं तसं म्हणाला, "अगं, सांगायला कोन पाहिजे? जिच्या हातात नारळ, तिची पहिली ओव्हर. आख्खी बस लाइव्ह लावून नारळाचीच वाट बघती. शुक्रवारी तेवढं चुकलं. नारळ फोडला अपेक्षानं अन् टाकली शालूनं. आमचे सगळेच बुडाले त्या दिवशी."

आमचे!

मी विचारलं, आमचे म्हणजे कुणाचे? मग हळूहळू एकेक बाहेर आलं. शेंद्र्याच्या कंपनीची बस. पूर्वी तिच्यात पत्ते चालायचे, भांडणं व्हायची, भजनंसुद्धा. आता सगळे माना खाली घालून मोबाइलवर. बसमधल्या कडुबाची मोटारसायकल त्यात गेली, तो बायकोला सांगतो की गॅरेजला दिलीय. आणि आपला इन्व्हर्टर? दुरुस्तीला दिला म्हणून मला सांगितलेला? तोही गेला! बायकोच्या संघावर लावतो आणि बायकोला पत्ता नाही. वर मलाच म्हणतो, "मी तुमच्याच बाजूनं लावतो की." म्हणजे मी आता आभार मानायचे?

भांडले, खूप भांडले. पण भांडता भांडता मन दुसरीकडंच होतं. नारळ. माझाच नारळ. पोरींचे मोबाइल माझ्या खांद्यावर, सगळ्या लाइव्हवर नारळ, आणि मी चोर शोधत होते! त्या दिवशी शालूचा मोबाइलसुद्धा माझ्याच पिशवीत होता. एवढं साधं माझ्या डोक्यात येऊ नये?

मंगळवार, २० जानेवारी

अपेक्षाला विचारलं, शुक्रवारी नारळ तुझ्याकडं कसा? म्हणाली, शालूची पाळी आली होती, पाळीत नारळाला हात लावू नये असं तिच्या आईचं म्हणणं, म्हणून तिनं तो माझ्या हातात दिला. मग त्या दिवशी बोलली का नाहीस? "तुम्ही विचारलं कुठं, मॅडम?"

आणि मी शालूला म्हणत होते, सगळ्यांसमोर बोल. त्या सगळ्या बाप्यांसमोर! लाज वाटते.

बुधवार, २१ जानेवारी

शाळेत रजा टाकून बिडकीनला गेले. कंपन्यांच्या रुंद रस्त्यांच्या कडेला, पडीक रानात त्यांचा मेंढ्यांचा वाडगा आहे. मल्हारराव लोकर कातरत होते. मान वर केली नाही. फक्त विचारलं, पेपरात येणार का तिचं नाव? मोबाइलवर तर आलंच आहे, गावातल्या पोरांनी आणून दाखवलं. मी म्हटलं, चूक माझी झाली, शालूची काहीही नाही. त्यांची कातर चालूच राहिली.

बानाबाईंनी चहा ठेवला. मी नको म्हटलं, उशीर झालाय म्हटलं. तर म्हणाल्या, "त्यो मानूस दोनदा येऊन गेला. काळ्या चष्म्याचा. पोरीवर वरडलो म्हनून माफी मागितली त्यानं. बसला, चहा घेतला. तुमी आज आलात." मग बसले. चहा घेतला. गोड मिट्ट होता.

शालू पाण्याचा हंडा घेऊन आली. मी तिच्या आईबापासमोर तिची माफी मागितली. हात जोडले. विद्यार्थिनीपुढं हात जोडायची माझी पहिलीच वेळ, पण जोडल्यावर बरं वाटलं. म्हटलं, रविवारी सेमीफायनल आहे, पहिली ओव्हर तुझी, आणि पुण्याला मी स्वतः घेऊन जाणार. ती बराच वेळ हंडा पुसत होती. मग म्हणाली, "येते." एवढंच.

येते म्हणाली! परतीच्या बसमध्ये उभं राहून आले, तरी पाय दुखले नाहीत. मनानं मोठी आहे पोर. माझ्यासारखी नाही.

गुरुवार, २२ जानेवारी

आज दिवसभर दगडावर डोकं आपटलं.

आधी चौकीत. गॉगलवाल्याबद्दल तक्रार द्यायची म्हटलं. हवालदारानं खुर्ची दिली, कागद पुढं ओढला आणि विचारलं, "तुमची सेमीफायनल कधीय, मॅडम?" कागद कोराच राहिला.

मग तात्यासाहेबांकडं. शालूचा फोटो हटवा आणि आमची चूक झाली असं त्याच ग्रुपवर लिहा म्हटलं. फोटो हटवला. चूक लिहायला तयार नाहीत. म्हणाले, राहू द्या हो मॅडम, त्यानिमित्तानं लीग चर्चेत तरी आली, बघणारे दुप्पट झालेत. कोण बघतं आणि कशासाठी बघतं हे त्यांना कळत नाही असं नाही. कळतं, म्हणून तर खुशीत आहेत. वर नारळ बंद करायचं म्हटलं तर देवाधर्माचं नका काढू म्हणतात! शेवटी म्हटलं, मग तुम्हीच फोडा. लगेच तयार. कुठला कुर्ता घालू, हेही मलाच विचारलं.

घरी सोमनाथनं मोबाइलमधला तो आयडी माझ्यासमोर पुसला. शपथ घेतली. मी विश्वास ठेवला की नाही, मलाच सांगता येत नाही.

शनिवार, २४ जानेवारी

शालू सरावाला आली. कुणाशी बोलली नाही, पण काय टाकलं आज तिनं! अपेक्षाची बॅट हातातून सुटली. मी उगाच सगळ्यांना वडापाव चारला. उद्या पहिली ओव्हर कुणाची, हे मी शालूला आणि तिच्या घरच्यांना सोडून कुणालाच सांगितलेलं नाही. बघू आता काय करतात सगळे!

रविवार, २५ जानेवारी

नारळ तात्यासाहेबांनी फोडला. शालूची पहिली ओव्हर. वाइड. परत वाइड. तिसरा इतका बाहेर की कीपर झेपावून तोंडावर पडली. दोरीपलीकडं गॉगलवाला उभा होता. आज ओरडला नाही. प्रत्येक वाइडला टाळ्या वाजवत होता.

पाणी प्यायच्या वेळी तिला बाजूला घेतलं. काय गं हे, विचारलं. तिनं बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "नाव तर आधीच लागलं व्हतं ना, मॅडम," म्हणाली, आणि जागेवर जाऊन उभी राहिली.