भोंगा झाला की घरी

६ जानेवारी
दुकानात कंपनीचा माणूस आला होता. ठिबकच्या नळ्यांचं टार्गेट पूर्ण झालं, त्यामुळे यंदाची डीलर टूर आपल्याला लागली. जहाजानं मुंबईहून गोवा आणि परत. नवरा, बायको, म्हणजे मी आणि अश्विनी, आणि एक मूल. मुलाचं नाव विचारलं. "ओवी, वय सहा," असं सांगून टाकलं.

घरी सांगितलं. आबा जेवत होते. मान वर न करता म्हणाले, "तिला कशाला? ऱ्हाऊ दे आजा-आजीपाशी. ताईच्या प्रणवला न्या. त्याला तरी कळंल समुद्र काय असतो."

अश्विनी भाकरी थापत होती. थांबली नाही. थापण्याचा आवाज मात्र वाढला.

७ जानेवारी
आबांच्या मनात वाईट नाही, हे लिहून ठेवतो. कर्जतच्या लग्नात बँड सुरू झाला आणि ओवीनं खांबावर डोकं आपटून घेतलं, तेव्हा तिला उचलून उन्हात लांबपर्यंत घेऊन गेलेले आबाच होते. मी मांडवातच उभा राहिलो होतो. त्या दिवसापासून ओवी दुकान, घर आणि नगरच्या मॅडम, एवढंच फिरते.

हे जमलं नाही तर तेवढंच राहील. कोणी तसं बोलत नाही, पण घरात सगळ्यांना माहीत आहे.

अ.ला सांगितलं, ओवीच येणार. म्हणाली, "मग घाबरून मागं फिरायचं नाही. मी नाही फिरणार."

९ जानेवारी
नगरला मॅडमकडे. त्या ओवीची थेरपी घेतात. ऑटिझम असलेलं मूल जहाजावर न्यावं का, असं विचारलं. "न्या की. फक्त तिथं जे घडणार ते इथं आधी थोडं थोडं घडू द्या. तिला अचानक काही नको."

कर्जतच्या गव्हाणेला फोन केला. तोही डीलर, मागच्या टूरला गेला होता, यंदाही आहे. म्हणाला, "जेवान लई भारी. पन सुटायच्या आदी भोंगा वाजवत्यात बाबा. समद्यांना जाकिटं घालून उभं करत्यात, आग लागली तर काय करायचं त्ये दाखवाया. कारखान्याच्या भोंग्यावानी आवाज."

कुकरच्या शिट्टीला ओवी मोरीत जाऊन बसते.
मग लक्षात आलं. साखर कारखाना आपल्याकडे आहेच. उसाचा सीझन चालू आहे.

१२ जानेवारी
गाडीवर ओवीला पुढे बसवून कारखान्याच्या रस्त्याला गेलो. लांबच थांबलो, उसाच्या कडेला. पाळी सुटायचा भोंगा झाला. ओवीनं कान दाबले, किंचाळली, माझ्या हाताला चावली. लगेच गाडी वळवली. वाटेत एकच वाक्य म्हणत राहिलो. भोंगा झाला, घरी. भोंगा झाला, घरी. घरी आल्यावर ती गोधडीत शिरली आणि शांत झाली.

आई म्हणाली, "पोरीला मुद्दाम रडवाया नेतोस व्हय?"
उद्या परत.

२१ जानेवारी
आता कारखान्याच्या अलीकडच्या पुलापर्यंत. कान दाबते, किंचाळत नाही. शिरस्ता मोडलेला नाही: भोंगा, तेच वाक्य, घर, गोधडी.

उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं ओळखलं. "काय मालक, रोजची हजेरी? लागला का कामाला कारखान्यात?"
म्हटलं, पोरगी लागली.

३० जानेवारी
आज गेटपाशी. भोंगा अगदी डोक्यावर. ओवीनं कान दाबले नाहीत. भोंगा थांबल्यावर स्वतः बोलली, "भोंगा झाला. घरी."

एवढं वाक्य, न विचारता.
अ.ला सांगितलं. आबा ओट्यावर होते, त्यांनी ऐकलं. नुसता पंचा झटकला.

६ फेब्रुवारी
बॅगा भरल्या. ओवीचं स्टीलचं ताट, तिची वाटी, कडक भाकरी. अ.नं गोधडीही कोंबली. आईच्या जुन्या पातळाची, विटलेली. मी म्हटलं, तिथं पांढऱ्या चादरी असतात, कंपनीचे लोक हसतील. "हसू द्या," म्हणाली.

८ फेब्रुवारी, जहाज
लिहायला जमेल तसं लिहितो.

बंदरावर रांग मोठी, पण ओवी ठीक होती. गळ्यातलं कार्ड चघळत राहिली. खोली लहान, गोल खिडकी. बॅगा टाकल्या तोवर सगळ्यांना डेकवर बोलावलं. नारिंगी जाकिटं. मी ओवीचा हात धरून उभा. आता वाजेल, आता वाजेल.

वाजला. आधी तुटक तुटक, मग एक लांब. मोठी माणसं दचकली. ओवी दचकली नाही. मी अ.कडे बघून हसलो.

आणि ओवीनं हात सोडवला. "भोंगा झाला. घरी." जाकीट ओढून काढलं आणि आलो त्या शिडीकडे निघाली. मी अडवलं. पुन्हा म्हणाली. पुन्हा अडवलं. मग ती खाली बसली आणि डोकं फरशीवर.

मी माझा हात मध्ये घातला. अजून ठणकतो आहे. सगळी रांग बघत होती. कोणीतरी मोबाईल वर केला, गव्हाणेनं तो खाली करायला लावला. कंपनीचे साहेब वाकून हळूच म्हणाले, "शिडी अजून काढलेली नाही. उतरायचं असेल तर आत्ताच सांगा. वाईट वाटून घेऊ नका."

मी "उतरतो" म्हणणार होतो. शब्द तोंडात आला होता.

तेव्हा कळलं की ती घाबरलेली नाही. मी शिकवलं तेच ती करते आहे. भोंगा झाला की घरी, हे मीच रोज तिच्यात पक्कं केलं, आणि आता भोंगा झाल्यावर मीच तिला घरी जाऊ देत नव्हतो. तिच्या बाजूनं खोटा मी.

अ.ला तसंच सांगितलं. तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "मग नेऊ की घरी," म्हणाली, आणि खोलीकडे पळाली.

साहेबांना म्हटलं, थांबा. ओवीला उचललं. जिन्यात लाथा मारत होती, मी तेच वाक्य म्हणत होतो. खोलीत अ.नं पांढरी चादर ओढून फेकली होती, गोधडी अंथरली होती, तिचं ताट उशाशी. "ओवी, घर," अ. म्हणाली.

ओवी बराच वेळ दारात उभी राहिली. खोली हुंगली. मग गोधडीत शिरली.

साहेब दारात आले. म्हटलं, "आम्ही येतोय."

९ फेब्रुवारी, समुद्रात
जेवणाच्या हॉलमध्ये ती पाऊल टाकत नाही. अ. आणि मी आळीपाळीनं जेवलो. ग्रुप फोटोला ओवीशिवाय बोलावलं होतं. गेलो नाही.

गव्हाणे खोलीपाशी आला. "अरं, समुद्र बघाया आलास का खोलीत कोंडून घ्यायला?" मग आत वाकून पाहिलं. ओवी गोधडी पांघरून गोल खिडकीला नाक लावून बसली होती. पाणी चढायचं, उतरायचं, आणि तिचं डोकं त्याच्याबरोबर. गव्हाणे मागं फिरला. थोड्या वेळानं तिच्यासाठी केळी आणून ठेवली. तिनं खाल्ली नाहीत.

गोव्याला टेकल्यावर रेंज आली. आबांचा फोन.
"रडली का?"
रडली, म्हटलं. डोकंही आपटलं.
"मग?"
"मग थांबली. जहाजावरच आहोत."
"बरं," म्हणाले, आणि फोन ठेवला.

१४ फेब्रुवारी, घरी
ओवीच्या कपाळावरची सूज आईनं पाहिली. हळद लावली. चैत्रात मामाकडचं लग्न आहे, पत्रिका आली. तिच्यावर "सहकुटुंब" लिहिलेलं आहे. आबांनी वाचून कोनाड्यात ठेवली. ओवीचं काय ते बोलले नाहीत. मी विचारणार आहे. आज नाही, पण विचारणार.

दुपारी कारखान्याचा भोंगा झाला. ओवी उठली. गोधडी ओढत आणली, रिकाम्या बॅगेत कोंबली आणि बॅग दारात नेली. "भोंगा झाला. घरी."

आबा म्हणाले, "आगं, घरीच हायस की तू."

तिनं ऐकलं नाही. आबांच्या चपला शोधल्या आणि त्यांच्या पुढ्यात आणून ठेवल्या.

"काय म्हनती ही?" त्यांनी मला विचारलं.
म्हटलं, जहाजावर गोधडी नेली तिथं तिचं घर झालं, आता तुम्हाला चला म्हणते.

आबांनी चपलांत पाय सरकवले, बॅग उचलली आणि तिच्या मागे अंगणात उतरले.