वाचले, मंजूर

१४ मार्च, शनिवार

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. मावशीचा गुडघा कसा आहे? इकडे सगळं ठीक. तुझी वहिनी रोज तुझी आठवण काढते. आठ महिने तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. फाडण्याआधी एवढं तरी वाच: आपल्या साहेबांचा, मंजूररावांचा, माज उतरला. मी उतरवला!

तुला नोकरीवरून काढल्यावर साहेब जास्तच चेकाळले होते. हॉस्पिटलच्या प्रोग्राममधला प्रत्येक बदल दोघांनी वाचायचा आणि मगच 'वाचले, मंजूर' हे बटण दाबायचं, हा नियम त्यांचाच. आणि स्वतः चहाचा घोट गिळायच्या आत दाबून मोकळे! कोड कशाशी खातात हे ठाऊक नाही, पण तोरा बघावा.

मग महिनाभर मी माझ्या प्रत्येक बदलाच्या टिपणात एक ओळ घुसडत गेलो. आधी भीत भीत, 'हे वाचलं असेल तर मंजूर करू नका.' मंजूर! मग भीड चेपली. 'या बदलाने काहीही सुधारणार नाही.' मंजूर! शेवटी लिहिलं, 'साहेब बिनडोक असल्याचं याद्वारे जाहीर करण्यात येत आहे.' तेही मंजूर! दुसरी वाचणारी टेस्टिंगवाली माझ्या कटात होती. रुमालात तोंड खुपसून हसायची.

गुरुवारी कंपनीच्या मोठ्या बाई आणि हॉस्पिटलची माणसं मीटिंगला आली. मंजूरराव छाती फुगवून म्हणाले, "माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय एक ओळ पुढे सरकत नाही."

मी पडद्यावर ती टिपणं लावली. सावकाश, एकेक करून. शेवटची ओळ बाईंनी मोठ्याने वाचली. साहेबांचं तोंड पाहायला तू हवी होतीस गं! त्यांनी तुला भर मीटिंगमध्ये 'अर्धवट' म्हटलं होतं ना? मलाही ते चारचौघांतच हवं होतं. खोटं कशाला बोलू, जिवाला थंडावा वाटला.

तेवढ्यात बाई म्हणाल्या, "मग त्या मुलीचा बदलही उघडा. पेशंटांना एकमेकांच्या तपासणीच्या तारखा गेल्या होत्या, तो."

इथवर आलो की पेन अडतं. माऊस माझ्या हातात होता. 'सापडत नाही' म्हणता आलं असतं. तुझ्या वेळी मी तेच म्हणालो होतो.

उघडलं. तुझं टिपण जसंच्या तसं होतं: 'साहेबांच्या सांगण्यावरून नावांची पडताळणी बंद करते आहे. तारखा भलत्याच माणसांना जातील. कृपया थांबवा.' खाली दोन मंजुऱ्या. एक त्यांची. दुसरी माझी.

मीही वाचलं नव्हतं, भिंगरी. जेवायला जायच्या घाईत दाबलं. ते तुझ्यावर ओरडत होते, तेव्हा तू माझ्याकडे पाहत होतीस, दादा उघडून दाखवेल म्हणून. मी मान खाली घातली. नोकरी मीच लावली होती तुला, आणि माझी वाचवायला तुझी जाऊ दिली.

मंजूररावांना घरी बसवलंय. माझं सोमवारी ठरेल. तुझ्यावरचा ठपका लेखी काढताहेत, ते पत्र बाई स्वतः पाठवणार आहेत. ते मावशीला मोठ्याने वाचून दाखव. हेही दाखव.

आठ महिने सगळा राग मी त्यांच्यावर काढला. माझ्या वाटणीचा तू काढ, हातचं राखू नकोस. खाली 'दादा' लिहायला हात धजत नाही. ती जागा तुझ्यासाठी सोडली आहे.

तुझा
................